नादाचे माप

जुन्या वास्तूंविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचा फार मोठा भाग डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींना वाहिलेला आहे. खांब किती, कमानी कोणत्या धाटणीच्या, शिलालेखाचा शक कोणता, चुना कोठून आणला, या सर्वांची नोंद अभ्यासक आस्थेने करतात आणि ते योग्यच होय. परंतु ज्या वास्तू मुळात ऐकण्यासाठीच उभारल्या गेल्या, त्या ऐकण्यास कशा होत्या याची नोंद मात्र क्वचितच आढळते. नाट्यगृहे, व्याख्यानाची दालने, गोव्यातील देवळांचे कीर्तनाने भरलेले सभामंडप, संस्थानी राजवाड्यांतील गायनाचे दरबार यांविषयी 'तेथे आवाज चांगला लागतो' किंवा 'तेथे शब्द घुमतो' एवढे एक वाक्य लिहिले जाते आणि लेखक पुढे वळतो. वास्तूचा आवाज ही जणू हवेसारखी, हाती न लागणारी वस्तू आहे, असा आपला समज असावा.

हा समज एके काळी सर्व जगाचा होता. तो कसा दूर झाला, कोणी केला आणि त्यातून आपल्यावर कोणते कर्तव्य येऊन पडते, याचा विचार करण्याचे या लेखात योजिले आहे.

सभागृहात शब्द स्पष्ट ऐकू यावा ही चिंता फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यमंडपाच्या रचनेला वाहिलेला आहे. विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे मंडपाचे तीन आकार आणि ज्येष्ठ, मध्यम व कनिष्ठ अशी तीन माने तेथे सांगितली आहेत. ज्येष्ठ मान १०८ हातांचे, मध्यम ६४ हातांचे आणि कनिष्ठ ३२ हातांचे. मनुष्यांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असा मंडप बांधावा, याहून मोठा बांधू नये, असा ग्रंथाचा आग्रह आहे. मंडप फार मोठा झाला तर पाठ्य विस्वर होते आणि नटाच्या मुखावरील भाव दिसेनासे होतात, असे त्याचे कारण दिले आहे. एक हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला, तर या मंडपाची लांबी ९६ फूट भरते. तिच्यातील अर्धा भाग प्रेक्षकांसाठी असल्याने शेवटचा प्रेक्षकही रंगभूमीच्या पुढील कडेपासून ४८ फुटांपलीकडे जात नाही. मंडप पर्वताच्या गुहेसारखा असावा, त्याचे गवाक्ष लहान असावेत, आत वारा खेळू नये, म्हणजे स्वर गंभीर होतो, असेही तेथे म्हटले आहे. हे लिहिणाऱ्याने रंगभूमीवरचा शब्द शेवटच्या रांगेत बसून ऐकला होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

रोममध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियसने वास्तुविद्येवर ग्रंथ लिहिला. आवाज पाण्यातील तरंगांप्रमाणे वर्तुळाकार पसरतो. मात्र पाण्याचे तरंग पृष्ठभागावरच फिरतात, तर आवाज वरच्या दिशेनेही चढतो, असे निरीक्षण त्याने नोंदविले आहे. नाट्यगृहासाठी निवडलेल्या जागांचे आवाजाच्या दृष्टीने त्याने चार प्रकार केले, आणि आसनांखाली सुरात लावलेली ब्राँझची भांडी ठेवावीत असा सल्लाही दिला.

भरत आणि व्हिट्रुव्हियस या दोघांनाही काय चांगले व काय वाईट हे ठाऊक होते. परंतु 'किती' या प्रश्नाचे उत्तर दोघांपाशीही नव्हते. मंडप दहा हातांनी वाढविला तर शब्दाची किती हानी होईल? भिंतीला गिलाव्याऐवजी लाकूड लावले तर किती लाभ होईल? असे विचारले असता अनुभवी कारागीर मान हलवून 'पाहू' एवढेच म्हणू शकत होता. ही स्थिती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. पॅरिसचे भव्य ऑपेरागृह १८७५ मध्ये खुले झाले. त्याचे वास्तुकार शार्ल गार्निये यांनी युरोपातील नाट्यगृहे पाहिली, ग्रंथ धुंडाळले, जाणत्यांना विचारले. परंतु प्रत्येकाचे म्हणणे दुसऱ्याच्या विरुद्ध पडले. अखेरीस आपण कोणत्याही नियमाचा आधार न घेता दैवावर भिस्त ठेवली, असे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. दैवाने त्यांना साथ दिली, ही गोष्ट निराळी.

दैवाने साथ न दिल्याचे एक उदाहरण पुढे वीस वर्षांनी अमेरिकेत घडले, आणि सगळी विद्या त्यातून जन्मास आली. बॉस्टनजवळच्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उघडण्यात आली. वास्तुकार रिचर्ड मॉरिस हंट हे त्या काळचे नामवंत गृहस्थ. इमारतीत एक व्याख्यानगृह होते, आणि त्यात व्याख्यान देणे अशक्य होते. वक्त्याचा शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर विरण्यास साडेपाच सेकंदांहून अधिक वेळ लागत असे. तेवढ्या अवधीत सावकाश बोलणारा मनुष्यही आणखी बारा ते पंधरा अक्षरे उच्चारून मोकळा होतो. अर्थात प्रत्येक अक्षरावर मागच्या डझनभर अक्षरांचे ओझे पडे आणि श्रोत्यांच्या कानी केवळ कल्लोळ येई. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी हा दोष काढून टाकण्याचे काम पदार्थविज्ञान विभागातील वॉलेस क्लेमेंट सेबिन या सत्तावीस वर्षांच्या तरुण अध्यापकावर सोपविले. सेबिन यांचा ध्वनिशास्त्राचा विशेष अभ्यास नव्हता, आणि डॉक्टरेटची पदवीही त्यांच्यापाशी नव्हती.

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. डोंगरासमोर हाक मारली असता ती काही क्षणांनी वेगळी होऊन परत येते, तो प्रतिध्वनी होय. बंद दालनात मात्र आवाज सहा बाजूंनी शेकडो वेळा आपटतो, आणि या असंख्य परावर्तनांची एकच एक सलग शेपटी मूळ आवाजामागे रेंगाळत राहते. या रेंगाळण्यास आम्ही येथे निनाद म्हणू, आणि ते ऐकू येईनासे होईपर्यंत जो वेळ लागतो त्यास निनादकाल. फॉग व्याख्यानगृहाचा रोग निनादाचा होता.

सेबिन यांच्या हाती आजच्यासारखी उपकरणे नव्हती. क्षीण होत जाणारा आवाज मोजील असे यंत्र त्या काळी उपलब्ध नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःच्या कानालाच यंत्र केले. एक ऑर्गनची नळी हवेच्या दाबाने वाजवावयाची, ती एकदम बंद करावयाची, आणि त्या क्षणापासून आवाज पूर्ण नाहीसा होईपर्यंतचा वेळ मोजावयाचा, अशी त्यांची पद्धत होती. ऐकण्यास इतकी सोपी वाटणारी ही कृती दिवसा करणे शक्य नव्हते, कारण रस्त्यावरील ट्रामगाड्यांचा आणि विद्यार्थ्यांचा गोंगाट तीत व्यत्यय आणी. सबब सेबिन व त्यांचे साहाय्यक मध्यरात्रीनंतर काम सुरू करीत आणि पहाटेपर्यंत चालवीत.

जवळच सँडर्स थिएटर नावाचे विद्यापीठाचे दुसरे सभागृह होते. त्याचा आकार फॉगच्या दालनासारखाच होता, परंतु तेथे आवाज उत्तम लागे. फॉगच्या भिंती गिलाव्याच्या, तर सँडर्समध्ये लाकडाचे प्राचुर्य. शिवाय आसनांवर जाड गाद्या. सेबिन यांनी या गाद्या रात्री उचलून फॉगमध्ये आणण्याचा उपक्रम आरंभिला. काही मीटर गाद्या पसरावयाच्या आणि निनाद मोजावयाचा. आणखी काही पसरावयाच्या आणि पुन्हा मोजावयाचा. सकाळी सभागृहाला गरज लागण्यापूर्वी सर्व गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवावयाच्या. गाद्यांच्या वाढत्या लांबीबरोबर निनाद उतरत गेला. सगळ्या गाद्या आणून आसनांवर, जमिनीवर, मंचावर आणि भिंतींवरही लावल्या, तेव्हा तो १.१४ सेकंदांवर आला.

या परिश्रमांची एक कथा प्रसिद्ध आहे. एका उन्हाळ्यात घेतलेली सुमारे तीन हजार निरीक्षणे सेबिन यांनी रद्द करून टाकली. कारण काय, तर निरीक्षकाच्या अंगावरील कपड्यांचाही आवाज शोषण्यात वाटा असतो आणि प्रत्येक रात्री कपडे सारखे नव्हते, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे ते प्रयोगास बसताना प्रत्येक वेळी तोच कोट, तीच विजार आणि तेच बूट घालून बसू लागले. संशोधकाच्या निष्ठेची अशी उदाहरणे मराठी वाचकास इतिहासाचार्यांच्या चरित्रांतून परिचित आहेत. एका कागदाच्या शक-मितीसाठी ज्यांनी गावेच्या गावे पायी तुडविली, त्यांच्याच जातकुळीचा हा मनुष्य होता.

फॉगच्या भिंतींवर केसांच्या जाड नमद्याचे आच्छादन बसवून ते दालन वापरण्याजोगे करण्यात आले. तात्पुरते काम झाले, परंतु नियम सापडला नव्हता. इतक्यात दुसरा प्रसंग उभा राहिला. बॉस्टनच्या वाद्यवृंदाचे संस्थापक हेन्री ली हिगिन्सन हे नवे सभागृह बांधू इच्छीत होते आणि त्यांना सेबिन यांचा सल्ला हवा होता. हाती नियम नसताना एवढी जबाबदारी घ्यावी की न घ्यावी, अशा द्विधा मनःस्थितीत सेबिन यांनी १८९८ च्या ऑक्टोबरात आपली सर्व टिपणे पुन्हा उलगडून पाहिली. एका बाजूस गाद्यांची लांबी, दुसऱ्या बाजूस निनादकाल, असा आलेख त्यांनी मांडला आणि त्यांच्या ध्यानात आले की ही वक्ररेषा भूमितीतील अपास्त होय.

याचा अर्थ गणित न जाणणाऱ्या वाचकासही सहज कळण्यासारखा आहे. रिकामे दालन स्वतःही काही आवाज शोषते. फॉगच्या बाबतीत हे शोषण सुमारे १५० मीटर गादीइतके होते. दालनाचे हे स्वतःचे शोषण आणि बाहेरून आणलेल्या गाद्यांचे शोषण यांची बेरीज करावी व तिला निनादकालाने गुणावे. गुणाकार दर वेळी जवळजवळ तोच येतो. म्हणजे शोषण दुप्पट केले की निनाद निम्मा होतो. पुढे वेगवेगळ्या आकारमानांच्या खोल्यांत तेच करून पाहिल्यावर दिसले की हा स्थिर गुणाकार खोलीच्या घनफळाच्या प्रमाणात वाढतो. बस्स, नियम पूर्ण झाला. घनफळ घनमीटरांत आणि शोषण चौरस मीटरांत घेतले, तर घनफळाला सुमारे ०.१६ ने गुणून शोषणाने भागावे, म्हणजे निनादकाल सेकंदांत मिळतो. शोषण मोजण्यासाठी सेबिन यांनी उघड्या खिडकीची उपमा घेतली. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, तेव्हा एक चौरस मीटर उघडी खिडकी हे पूर्ण शोषणाचे एक माप. गिलावा, लाकूड, गालिचा, पडदा, माणूस, प्रत्येकाची या मापाशी तुलना करून त्यांनी कोष्टक सिद्ध केले. शोषणाच्या एककाला पुढे 'सेबिन' हेच नाव मिळाले.

एक उदाहरण घेऊ. २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच असा एखादा सभामंडप आहे असे समजा. त्याचे घनफळ १९२० घनमीटर. रिकाम्या मंडपाचे शोषण १०० चौरस मीटर धरले, तर निनादकाल तीन सेकंदांहून थोडा अधिक निघतो. अशा मंडपात शब्द कळणे कठीण. आता तेथे ३०० श्रोते येऊन बसले. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीपेक्षा किंचित कमी आवाज शोषतो. सर्वांचे मिळून १३५ चौरस मीटर होतात आणि निनादकाल १.३ सेकंदांवर येतो. रिकाम्या थिएटरात तालीम करणाऱ्या नटांना आणि श्रोते जमण्यापूर्वी तंबोरा जुळवणाऱ्या गवयांना 'घर भरले की आवाज बसतो' हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्या अनुभवाचे हे गणित होय. श्रोता हाही त्या वास्तूचाच एक घटक असतो, आणि त्याच्या अंगावरच्या शालीपर्यंत त्याची गणना करावी लागते.

बॉस्टनच्या सभागृहासाठी वास्तुकार मॅकिम यांनी प्रथम ग्रीक प्रेक्षागाराच्या धर्तीवरील अर्धवर्तुळाकार आराखडा केला होता. तो बाजूस सारून लांबट पेटीसारखा आयताकार स्वीकारण्यात आला. डोळ्यांपुढे आदर्श होता तो जर्मनीतील लाइपझिगच्या १८८४ मधील नव्या गेवांटहाउसचा. परंतु लाइपझिगच्या सभागृहात दीड हजारांच्या आसपास आसने होती आणि बॉस्टनला सव्वीसशे हवी होती. जुने मोजमाप सर्व बाजूंनी वाढविले असते, तर घनफळ फुगून निनाद हाताबाहेर गेला असता. सेबिन यांनी रुंदी आवरून धरली, लांबी वाढविली आणि वरती दोन सज्जे घेतले. लाइपझिगचा निनादकाल त्यांच्या गणिताने २.३० सेकंद होता. बॉस्टनचा त्यांनी २.३१ सेकंदांवर आणून ठेवला. १५ ऑक्टोबर १९०० रोजी सभागृहाचे उद्घाटन झाले. आधी गणित मांडून मग बांधलेले हे पहिले मोठे सभागृह होय.

येथे कथा संपली असती तर ती बोधकथा झाली असती. पण इतिहास इतका सरळ चालत नाही. आरंभीच्या वर्षांत या सभागृहाविषयी काही जाणकारांनी नापसंती व्यक्त केली. पुढे अचूक उपकरणांनी मोजले असता भरलेल्या सभागृहाचा निनादकाल दोन सेकंदांच्याही आत, सुमारे १.९ सेकंद भरला. सेबिन यांनी श्रोत्यांचे शोषण डोकी मोजून धरले होते. वस्तुतः ते श्रोत्यांनी व्यापलेल्या क्षेत्रफळावर अधिक अवलंबून असते, हे लिओ बेरानेक यांनी पुढे १९६० च्या सुमारास दाखवून दिले. तथापि काळाने निवाडा सेबिन यांच्याच बाजूने दिला, आणि जगातील दोन-तीन सर्वोत्तम संगीतगृहांत आज बॉस्टनची गणना होते. हे ऐकण्यास सेबिन मात्र हयात नव्हते. पहिल्या महायुद्धातील कामाच्या ताणाने खचलेल्या प्रकृतीमुळे १० जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे शोधनिबंध १९२२ मध्ये एकत्र ग्रथित झाले.

सेबिन यांच्या कार्याचा एक भाग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. निनाद मोजता येतो हे सिद्ध झाल्यावर तो किती असावा, हे कोणी ठरवावयाचे? बॉस्टनच्या संगीतशाळेत पियानोच्या खोल्या होत्या. सेबिन यांनी तेथे संगीतज्ञांना बसविले. पियानो वाजे, गाद्या कमीअधिक केल्या जात, आणि संगीतज्ञ 'आता योग्य' म्हणेपर्यंत हा क्रम चाले. त्यानंतर निनादकाल मोजण्यात येई. पाच निरनिराळ्या खोल्यांत उत्तर १.१ सेकंदाच्या आसपासच आले. जाणत्यांची रुची ही लहरीची वस्तू नसून तिच्यात आश्चर्यकारक सातत्य असते, असा निष्कर्ष १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे विज्ञानाने रसिकाला न्यायासनावरून उठविले नाही. त्याचा निवाडा लिहून ठेवण्याची सोय मात्र केली.

निनादकाल म्हणजेच सर्वस्व, असेही कोणी समजू नये. वास्तूचा आकार वेगळेच खेळ करू शकतो. विजापूरचा गोल घुमट हे त्याचे आपल्याला जवळचे उदाहरण. १६५६ मध्ये मरण पावलेल्या मुहम्मद आदिलशहाच्या या कबरीवरील घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. सज्जात टाळी वाजविली की ती समोरच्या भिंतीवर जाऊन ७६ मीटरांचा प्रवास करून परत येते, आणि त्यास एक सेकंदाच्या पाचव्या भागाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढे अंतर कानाला दोन आवाज वेगळे ओळखण्यास पुरेसे असल्याने टाळी पुनःपुन्हा ऐकू येते. दुसरीकडे भिंतीशी कुजबुजलेला शब्द भिंतीच्या कडेकडेने सरपटत पलीकडच्या कानापर्यंत पोहोचतो. लंडनच्या सेंट पॉल चर्चमधील अशाच सज्जाचे स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांनी केले होते, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सेंट पॉलबरोबर गोल घुमटाचाही या दृष्टीने अभ्यास केला. घुमटाचा हा चमत्कार पाहण्यास माणसे दुरून येतात. परंतु तेथे उभे राहून कोणी कीर्तन करू म्हणेल, तर त्याचा एक चरण दुसऱ्यात मिसळून जाईल.

न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली खुले झालेले फिलहार्मोनिक हॉल हे दुसरे उदाहरण. बेरानेक यांच्यासारखा त्या विषयाचा अग्रगण्य पंडित सल्लागार असूनही ते रसिकांच्या पसंतीस उतरले नाही. १९७६ मध्ये आतील सर्व रचना काढून नवी करावी लागली, आणि तेवढ्यानेही समाधान न झाल्याने २०२२ मध्ये पुन्हा एकदा. या अपयशाच्या मंथनातून नवे ज्ञान हाती आले. मूळ स्वरानंतर अगदी थोड्या अवधीत बाजूंच्या भिंतींवरून जी पहिली परावर्तने कानी येतात, त्यांवर नाद आपल्याला वेढून आहे की दूर आहे ही जाणीव अवलंबून असते. बॉस्टन आणि लाइपझिग यांच्या अरुंद पेटीसारख्या रचनेला जी थोरवी लाभली, तिचे मर्म येथे आहे. सेबिन यांचा नियम खोटा ठरला नाही. एका मापाच्या जोडीला आणखी मापे आली.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ज्या फॉग व्याख्यानगृहात ही विद्या जन्मली, ते १९७३ मध्ये पाडण्यात आले. लाइपझिगचे ते आदर्श सभागृह दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले. दोन्ही वास्तू नाहीशा झाल्या, परंतु त्यांची मापे मागे राहिल्याने त्या ऐकण्यास कशा होत्या, याची काही निश्चित कल्पना आजही करता येते. याहून बोलके उदाहरण व्हेनिसचे आहे. ला फेनिचे हे तेथील विख्यात ऑपेरागृह १७९२ मध्ये उभे राहिले, १८३६ मध्ये जळाले, पुन्हा बांधले गेले, आणि २९ जानेवारी १९९६ रोजी पुन्हा आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. सुदैवाने त्या आगीच्या थोडेच आधी इटालियन संशोधकांनी त्या वास्तूत ध्वनीची तपशीलवार मोजणी करून ठेवली होती. २००३ च्या डिसेंबरात ऑपेरागृह पुन्हा उघडले, तेव्हा जुन्या आवाजाशी नव्याची तुलना करण्यास निश्चित आधार हाती होता. चित्रे आणि नकाशे यांवरून सोन्याचा मुलामा परत आणता येतो. नाद परत आणावयाचा तर त्याची नोंद आधीच झालेली असावी लागते.

हे वाचताना मराठी वाचकाच्या मनात कोल्हापूर आल्याशिवाय राहणार नाही. शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ मध्ये सुरू झालेले पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९०८ मध्ये हुबळीस 'ललितकलादर्श' काढणारे केशवराव कोल्हापूरचेच. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात नटाने मारलेली तान शेवटच्या बाकावरील श्रोत्यापर्यंत नेण्याचे काम नटाचा गळा आणि थिएटरची भिंत, दोघे मिळून करीत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, हे नाट्यगृह आगीत सापडले. रंगमंच, छत आणि आसने जळून गेली. ते पूर्ववत उभारण्याचा संकल्प लगेच झाला, ही समाधानाची गोष्ट. परंतु 'पूर्ववत' या शब्दात त्या वास्तूचा नादही अंतर्भूत आहे. दगडी भिंती, लाकडी काम, छताची उंची, प्रेक्षागाराचे घनफळ आणि आसनांची दाटी यांच्या मेळातून तो नाद निर्माण झाला होता. यांतील एखादी गोष्ट बदलली, लाकडाच्या जागी चकचकीत फरशी आली किंवा छत दोन हातांनी वर गेले, तर छायाचित्रात वास्तू जुनीच दिसेल आणि कानाला परकी वाटेल. जुन्या नकाशांवरून घनफळ व शोषण यांचे गणित आजही मांडता येते, आणि ज्यांनी तेथे वर्षानुवर्षे गायिले व ऐकले त्यांच्या कानांची साक्षही काढता येते. बॉस्टनच्या संगीतज्ञांची साक्ष विज्ञानाने मानली, तर आपल्या गायकनटांची का मानू नये?

बेळगाव, गोवे, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद येथे मराठी समाजाने जी सभागृहे, जे सभामंडप आणि ज्या ग्रंथसंग्रहालयांतील व्याख्यानाच्या खोल्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या, त्यांपैकी कित्येक आज जीर्ण झाल्या आहेत. प्रत्येकीचे जतन होईल, अशी आशा बाळगणे कदाचित अव्यवहार्य ठरेल. मोजणी मात्र करता येईल, आणि तिला फारसा खर्चही नाही. लांबी, रुंदी व उंची टिपावी. भिंत, जमीन आणि छत कशाचे आहे ते लिहावे. शांत वेळी एक फुगा फोडून त्याचा आवाज विरेपर्यंतचे ध्वनिमुद्रण करावे. हेच पुन्हा श्रोत्यांनी घर भरलेले असताना करावे. जवळच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे अध्यापक आणि विद्यार्थी हे काम एका दिवसात उरकू शकतील. ही टिपणे वास्तूच्या इतर कागदपत्रांबरोबर ठेवावीत, म्हणजे पुढे ती वास्तू पडली, जळली किंवा रस्तारुंदीत गेली, तरी तिच्यात शब्द कसा वाजत होता हे सांगणारा पुरावा शिल्लक राहील.

आपल्या भाषेचा मोठा भाग ऐकण्याने जगला आहे. कीर्तन, पोवाडा, नाट्यपद आणि व्याख्यान ही सर्व आधी कानांवर पडली आणि मागाहून छापली गेली. त्यांची पुस्तके आपण जपतो, आणि ते रास्तच आहे. ज्या भिंतींनी हे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविले, त्या उभ्या आहेत तोवर त्यांचेही माप घेऊन ठेवावे, अशी या वास्तूंच्या विश्वस्तांना आणि आमच्या वाचकांना आमची विनंती आहे.